दादांची गाडी ‘हो’ म्हणते

“सरकली! सरकली!”

अंगणातली पन्नासेक माणसं एकदम दोन पावलं मागे हटली. महिन्यापूर्वी वारलेल्या माझ्या थोरल्या भावाची, दादांची, जुनी, गोल बॉनेटची गाडी हातभर पुढे आली होती. इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला. दार सताड उघडं होतं आणि आत बसलेल्या, दादांचा आत्मा गाडीतून बोलतो असं सांगणाऱ्या बुवांचा पाय क्लचच्या पेडलवर पार तळापर्यंत दाबलेला सगळ्यांना दिसत होता. क्लच दाबला की इंजिनचा आणि चाकांचा संबंध तुटतो. सपाट फरशीवर गाडी हलायचं कारणच नाही. तरी ती हलली होती.

“पाय बघा, पाय!” बुवा म्हणाले. “गाडी मी नेत नाही, नेणारा वेगळा आहे. सरकली तर ‘हो’, थांबली तर ‘नाही’. आत्म्याला पेट्रोल लागत नाही मंडळी, पण गाडीला लागतं. तेवढं येताना विसरू नका.”

भिंतीशी पेट्रोलच्या डब्यांची रांग लागली होती. त्यातलं निम्मं रोज बुवांच्या जीपमध्ये जायचं, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती?

हसण्यासारखंच होतं सगळं. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण आत वहिनी पडून होत्या. पाच दिवसांपूर्वी त्यांनी गाडीला विचारलं होतं, “मला बोलावताय का?” आणि गाडी सरकली होती. तेव्हापासून त्यांनी अन्न सोडलं. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. “सलाईन लावू देत नाहीत. आणखी दोन दिवस असेच गेले तर मी काही सांगू शकत नाही,” म्हणाल्या. मी पाया पडलो, रडलो, भांडलो. वहिनी एवढंच म्हणायच्या, “भावजी, ते एकटे आहेत तिकडे.”

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर माझी पुतणी, दादांची मुलगी, मागच्या पायरीवर येऊन बसली. शाळेत विज्ञान शिकवते.

“काका, एक विचारू? रागावू नका. गाडी पूर्वी कधी सरकायची?”

“कधीच नाही.”

“तुम्ही नवा क्लच बसवलात त्यानंतरच ना? तेव्हा तर आप्पा जिवंत होते.”

अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय मी. या गाडीची मूळ क्लच प्लेट आता मिळत नाही. दादा आणि मी दोन महिने भंगारवाले पालथे घातले, जुनी प्लेट पिशवीत घेऊन व्यास मोजला, मधल्या दहा खाचा जुळवल्या आणि शेवटी दुसऱ्या मॉडेलची प्लेट निवडली. सोबत तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट घेतली, ती मूळच्यापेक्षा कडक. तिला दाबायला जास्त जोर लागतो. तो जोर पेडलपासून क्लचपर्यंत ऑइल पोचवतं आणि ते ऑइल ढकलणारा सिलिंडर मी जुनाच ठेवला. बाहेर थेंबभर गळती नव्हती, म्हणून उघडूनही पाहिला नाही. क्लच बसवल्यावर तिसऱ्या दिवशी दादा म्हणाले होते, “अरे, ही जरा पुढे सरकते रे.” मी म्हणालो, “नवा क्लच आहे, रुळेल.” आठवड्याने ते झोपेतच हृदयविकाराने गेले. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. पण त्यांचं ते वाक्य मी मनात गाडून टाकलं होतं.

लगेच गाडी जॅकवर घेतली, खाली शिरलो.

“हळू दाब. दाबून धर.”

पुतणीने पेडल तळाला धरलं. क्लच ढकलणारा दांडा पुढे आला आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू मागे सरकला. पाय तिथेच होता, क्लच मात्र पुन्हा लागत होता.

“आता भराभर तीनदा मार आणि धर.”

दांडा जागचा हलला नाही. बुवा ‘नाही’ हवं असलं की पेडलला “तीन नमस्कार” करायचे, ते हेच. पूर्वी ट्रक चालवायचे म्हणे. असल्या झिजलेल्या सिलिंडरशी त्यांची जुनी ओळख असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी जमली तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर मी बसलो होतो. वहिनींना पुतणीने खुर्चीत आणून बसवलं होतं. मान सावरत नव्हती त्यांची.

“दादा, दोन आणि दोन पाच होतात का?” मी ओरडून विचारलं आणि पेडल हळू दाबलं. गाडी सरकली. मग तीन झटके देऊन विचारलं, “बाहेर ऊन आहे का?” डोक्यावर ऊन तापलं होतं. गाडी ढिम्म.

कुणीतरी फिसकन हसलं. बुवा गरजले, “आत्म्याची थट्टा करतोस? कोपेल तो!”

“कोपू दे.” सिलिंडर खोलून आतलं रबर मी तळहातावर ठेवलं. कडा झिजून गुळगुळीत झाली होती. हळू दाबलं की ऑइल तिच्या बाजूने मागे निसटायचं, झटक्याने दाबलं की रबर घट्ट बसायचं. सगळ्यांच्या हातांतून ते फिरवलं, नवं बसवलं, ऑइलमधली हवा काढली. मग शेजाऱ्याला बसवलं, पुतणीला बसवलं, शेवटी बुवांनाही आग्रहाने बसवलं. हळू दाबा, जोरात दाबा, गाडी तसूभर हलेना.

“गेला! तुमच्या पापाने गेला!” म्हणत बुवा उतरले आणि जीपकडे निघाले. दोन-चार जण त्यांच्यामागे गेलेही.

वहिनींनी मला जवळ बोलावलं. “म्हणजे त्यांनी बोलावलं नाही?”

“नाही वहिनी. ते रबर होतं. चूक माझी होती. दादांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. हातात जोर नव्हता. मग हंबरडा फोडला. महिनाभरात पहिल्यांदाच त्या दादांसाठी, गेलेल्या माणसासाठी रडावं तशा रडल्या. दुपारी डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला नाही.

दादा आता कशालाच ‘हो’ म्हणणार नाहीत, हे मलाही सोसत नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमच्या घरातलं गेलेलं माणूस एखाद्या वस्तूतून बोलायला लागलं, तर प्रश्न विचारायच्या आधी ती वस्तू उघडून बघा. स्वतःला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला बोलवा. आणि तो जाणकार तुम्हीच असाल, तर माझ्यासारखे पाच दिवस गप्प बसू नका.