रुसूबाईनंतरची गाडी

“बाबा, वाकू नका, कंबर धरेल,” असं मी म्हणेपर्यंत बाबा गाडीखाली गेलेसुद्धा होते. बाहेर राहिले फक्त त्यांचे बूट, टाचेकडे झिजलेले.

जुन्या गाड्या विकणारा तो तरुण बोटात किल्ल्या गरगरवत उभा होता. “काका, खाली काही सापडायचं नाही. लोणी आहे ही गाडी, लोणी!”

“लोण्याचं उन्हात काय होतं, माहितीये ना?” गाडीखालून आवाज आला.

मी हसले. कडेवरची दहा महिन्यांची लेक मी हसले म्हणून हसली. आई हसली नाही. पर्स पोटाशी धरून ती त्या पांढऱ्या कॅम्पर व्हॅनकडे बघत होती. दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिल्यावर माणूस उभा राहतो, तशी.

“आधी एका प्राध्यापकांची होती, काकू,” तरुणानं तिच्याकडे मोर्चा वळवला. “फार जपून वापरलीय.”

“जपून वापरली म्हणजे वापरलीच नसणार,” आई म्हणाली. तिच्या तोंडून बऱ्याच दिवसांत ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

त्या दिवशी मला बरोबर नेलं होतं ते निकाल द्यायला. बाबांनी आठवडाभर आधी फोन केला होता. “तू ये. तुझी आई काही बोलत नाही. विचारलं की म्हणते, तुम्ही ठरवा.”

“मग ठरवा ना.”

“छत्तीस वर्षं संसार केलाय मी,” बाबा म्हणाले. “‘तुम्ही ठरवा’चा अर्थ मला कळतो.”

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, “सगळी नोकरी उभ्या रेषेत गेली. वर, खाली, वर, खाली. आता जरा आडवं जाऊ.” आईची तऱ्हा वेगळी नव्हती. ती घरी कपडे शिवायची, उसवायची, आखूड-लांब करायची. एक मशीन आणि एक खिडकी. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही. म्हणून दोघांनी मिळून एक जुनी कॅम्पर घेतली. पुढे दोन सीटा. मागे एक पलंग, दोन बर्नरची शेगडी, हात धुण्याएवढं बेसिन. पहिल्या आठवड्यातच ती तीनदा बंद पडली आणि आईनं तिचं नाव ठेवलं, रुसूबाई.

रुसूबाईला थंडीत स्टार्टर सोसत नसे आणि उन्हात रेडिएटर. चढावर ती धापा टाकायची. वळणावर तिच्या कपाटाचं दार उघडायचं आणि आईच्या डोक्यात पातेलं पडायचं. आईनं मग जाड नाडीचा पट्टा शिवून ते दार बांधून टाकलं. परत आले की शेजारचे काका गॅलरीतून विचारायचे, “काय, चालवत आणली की ओढत?” बाबा म्हणायचे, “निम्मीनिम्मी.” तरी पाच वर्षं दोघं हिंडले. बंद पडलेल्या गाडीसमोर घडीच्या खुर्चीवर बसून चहा पिणाऱ्या आईचे माझ्याकडे किती फोटो आहेत! सगळ्यांत बॉनेट उघडं आणि बाबा कमरेपासून वर गायब.

तीन महिन्यांपूर्वी एका घाटात रुसूबाईचं इंजिन कायमचं बसलं. धुकं होतं, फोनला रेंज नव्हती, चार तासांनी एका मालट्रकवाल्यानं त्यांना खाली ओढत आणलं. मला एवढंच माहीत होतं. गाडी भंगारात गेली. त्यानंतर घरात भांडण झालं नाही, आवाज चढला नाही, पण मी जाई तेव्हा दोघं दोन खोल्यांत असत. ‘जेवायला वाढलंय’, ‘नळ गेला’, ‘गोळी घेतली का’ एवढंच काय ते संभाषण. बाबांनी त्यावर उपाय शोधला होता, लिफ्टवाल्याला सुचेल तसाच: बिघडलेला भाग बदला. चांगली, भरवशाची, न रुसणारी गाडी घेतली की झालं.

“मी आतून बघते जरा,” आई म्हणाली. पायरी उंच होती. तिचा उजवा गुडघा धड नाही. मी हात दिला, तर तिनं दाराची कड धरली. मी लेकीला घेऊन मागोमाग चढले. बाहेर तरुणाला फोन आला आणि तो बोलत बोलत दुसऱ्या रांगेकडे निघून गेला.

आत नवीन रेक्झिनचा वास होता. कपाटांची दारं लावली की टक्कन बसत होती. आई पलंगावर बसली, मग चपला काढून चक्क आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. लेक जमिनीवर रांगत बेसिनखालच्या उघड्या कपाटापाशी गेली आणि पाण्याच्या नळीसाठी पाडलेल्या भोकात बोट घालू लागली. त्या भोकातून खालचा प्रकाश दिसत होता. बाबांच्या पान्याची खुडखुड ऐकू येत होती.

“छान आहे की गं,” मी म्हणाले. “ही काही बंद पडायची नाही.”

“बंद पडण्याचं कोण बोलतंय?” आई म्हणाली. “पाच वर्षं बंदच पडत होती ती. मी कधी कुरकुर केली?”

“मग?”

छताकडेच बघत ती म्हणाली, “तुला आठवतं, लहानपणी तू यांच्याबरोबर गेली होतीस? त्या सात मजली इमारतीत?”

आठवत होतं. सुट्टीचा दिवस होता, आई आजारी, म्हणून बाबा मला घेऊन गेले होते. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती आणि आतून कुणीतरी दारावर थापा मारत होतं. इमारतीतली माणसं जमून आरडाओरडा करत होती. बाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. ती उघडलीसुद्धा नाही. दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, “मी आलोय. लिफ्टवाला. किती जण आहात?” आतला आवाज रडवेला होता. “दोघी.” “बरं. दोघी खाली बसा. आता मी वर मशीनच्या खोलीत जाणार. खडखड आवाज होईल, तो माझाच. मग एक धक्का बसेल, तोही माझाच. तुम्हाला मी बाहेर काढल्याशिवाय जेवायला जात नाही, आणि मला भूक लागलीय.” आतून हसण्याचा आवाज आला. त्यांचे हाताखालचे कारागीर चेष्टा करायचे, हे लिफ्ट दुरुस्त करत नाहीत, गप्पा मारून खाली आणतात. बाबांचा नियमच होता: हत्यारं नंतर, आधी माणसं.

“आठवतं,” मी म्हणाले.

“अनोळखी माणसांशी फटीतून बोलणारा हा माणूस,” आई म्हणाली. “आणि घाटात मला म्हणाले, ‘आत बस.’ बस्स. जॅक लावून खाली गेले ते गेलेच. बाहेर धुकं, हातभर पुढचं दिसेना. तास गेला. मी हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. ओ नाही. आधी हातोडीचा आवाज येत होता, तोही थांबला. मला वाटलं, जॅक सरकला.”

तिचा आवाज जसा होता तसाच होता. शिलाईचं माप सांगावं तसा.

“हा गुडघा घेऊन उतरले. गाडीला धरून धरून पुढे गेले. यांचे पाय दिसले. मी वाकून पायाला हात लावला, ऊब आहे का बघायला. पाय झटकला त्यांनी. माशी बसल्यावर झटकतात तसा. तेवढंच उत्तर. मी परत आत येऊन बसले. आणखी तीन तास.”

पान्याची खुडखुड थांबली होती.

लेकी बोले, सुने लागे म्हणतात. इथे लेकीला सांगितलेलं नवऱ्याला लागलं होतं. खाली बाबांना सगळं ऐकू जातंय हे आईला ठाऊक होतं का, असं मी तिला कधी विचारलं नाही. पण तिची नजर आता छतावर नव्हती. ती बेसिनखालच्या कपाटाकडे होती.

“मला वाटलं, तू घाई करायला आलीस,” जमिनीतून आवाज आला.

लेक दचकली आणि भोकात डोळा घालून आजोबांना शोधू लागली.

“मी पाच वर्षांत एकदा तरी घाई केली?” आई पलंगावरून म्हणाली.

“नाही.”

“मग ओ का नाही दिलीत?”

खालून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“काय सांगणार होतो? लिफ्ट अडकली की मला माहीत असायचं, दोर तुटत नसतो. ब्रेक धरलेला असतो. आतल्या माणसाला काही होत नाही. म्हणून बोलायचो. मला माहीत असायचं म्हणून. तिथं काय माहीत होतं मला? इंजिनातून तेल गळत होतं, धुकं दाट होत होतं, तू आत थंडीत. आणि मला काही कळत नव्हतं. ‘होईल नीट’ म्हणालो असतो, तर ते खोटं झालं असतं. कामावर मी खोटं बोललेलो नाही कधी.”

“मी काय कामावरची होते?”

खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

आई उठून बसली. केस सारखे केले. मग कपाटाच्या दिशेनं जरा वाकून, मोठ्यानं नाही, म्हणाली, “‘मला कळत नाहीये गं’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं, मलाही नाही. दोघं न कळणारे बसलो असतो. एकटीनं बसण्यापेक्षा बरं.”

मी लेकीला उचललं, उगाच तिचं नाक पुसलं. त्या दोघांच्या बोलण्यात मध्ये उभी राहायला मला जागा नव्हती आणि बाहेर जायची वाट त्यांच्या मधूनच होती.

“येतोय,” खालून बाबा म्हणाले. “एक मिनिट लागेल. कंबर धरलीय.”

ते बाहेर आले तेव्हा कानावर काळं लागलं होतं. गुडघ्यांची माती न झटकता ते गाडीला टेकून उभे राहिले. तरुण फोन संपवून लगबगीनं परत आला. “काय काका, सापडलं काही? बोललो होतो ना मी!”

“तुमच्याकडे मेकॅनिक आहे?” बाबांनी विचारलं.

“आता मेकॅनिक कशाला? तुम्हीच तर पाऊण तास बघताय!”

“बघत होतो,” बाबा म्हणाले. “पण यातलं मला कळत नाही. लिफ्ट असती तर सांगितलं असतं. कळणाऱ्याला बोलवा.”

अडतीस वर्षांची नोकरी, त्यावर पाच वर्षं रुसूबाई. घरातला मिक्सर, माझी सायकल, शेजाऱ्यांची गिरणी, सगळं उघडून बसलेला माणूस. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तरुणाला ते नेहमीच्या गिऱ्हाइकासारखंच वाटलं असावं. तो मेकॅनिकला हाक मारायला गेला.

मेकॅनिक आला. मध्यमवयीन, कमी बोलणारा. त्यानं पुठ्ठा अंथरला आणि सराईतपणे आत सरकला. आता बाहेर त्याचे बूट, आणि शेजारी बाबा उभे. हातांचं काय करावं त्यांना कळेना. पाठीमागे बांधून बघितले, खिशात घालून बघितले. एकदा वाकायला गेले आणि सरळ झाले. मग खिडकीशी येऊन आत आईला म्हणाले, “तो बघतोय.”

“हं,” आई म्हणाली.

“क्लच बघतोय बहुतेक.”

“बरं.”

“बहुतेक हं. नक्की माहीत नाही.”

“कळलं हो,” आई म्हणाली आणि खिडकीकडे जरा सरकून बसली.

मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. पाण्याची एक नळी बदलावी लागेल, क्लच अजून वर्ष-दीड वर्ष जाईल, बाकी इंजिन तब्येतीत आहे.

“बंद पडणार नाही ना?” बाबांनी विचारलं.

तरुणानं तोंड उघडलं होतं, पण मेकॅनिक आधी बोलला. “गाडी आहे काका. पडेल कधीतरी.”

बाबांनी मान डोलावली. मग खिडकीकडे वळले. “ऐकलंस? पडेल म्हणतोय कधीतरी.”

“ऐकलं.”

“मग? मी नाही ठरवणार. आपण काय करायचं?”

आईनं पर्स उघडली. चष्मा काढला, रुमाल काढला आणि तळातून शिलाईची पिवळी टेप बाहेर काढली. म्हणजे घरातून निघतानाच ती घेऊन आली होती. बाबा त्या टेपकडे बघत राहिले.

“हात पुसून आत या,” ती म्हणाली. “आणि ही टेप वरून धरा. या खिडक्यांना पडदे नाहीत.”

बाबा पायरी चढले. चढताना त्यांनी दाराची कड धरली. लेक माझ्या खांद्यावर पेंगायला लागली होती, म्हणून मी दारातच उभी राहिले. ती दोघं एकेका खिडकीपाशी जात होती, आई खाली टोक दाबून, बाबा वर टेप ताणून. आकडे त्यांच्या बाजूला येत होते. पहिला त्यांनी मनात वाचला आणि नुसतीच मान हलवली.

“मोठ्यानं,” आई म्हणाली.

“चव्वेचाळीस,” बाबा म्हणाले.

आईनं टेप सोडली आणि पुढच्या खिडकीकडे सरकली. पलंगावरची ती खिडकी उंच होती. धरलेली कंबर घेऊन बाबा पलंगावर गुडघे टेकून उभे राहिले, टेप काचेच्या वरच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरली आणि आकडा मोठ्यानं सांगू लागले.