जिभेची पारख

"कडेनं धर पोरी, पुसू नको अंग,
शंभर हातांचा लागलाय रंग."

मामाचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात घर करून होता. मामा घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी जुन्या नाण्यांचा ट्रे मांडीवर घेऊन भाचीला शेजारी बसवायचा. नाणं घासायचं नाही. लखलखत्यावर भाळायचं नाही. आणि सगळं बघून झालं, की तांब्याचं नाणं तो अलगद जिभेच्या टोकाला लावायचा.

"शी, मामा!"

"शी काय गं? डोळे फसतात, बोटं फसतात. नवं तांबं जिभेला चावतं. म्हातारं नाणं कसं मातीसारखं गप्प बसतं."

लग्नाच्या नव्या नवलाईत हे सगळं तिनं नवऱ्याला हसत हसत सांगितलं. नवरा नाण्यांचा व्यापारी. तो हसला नाही. ऐकून ठेवलं त्यानं.

आता न्हाणीघराच्या कोपऱ्यात झाकणाची निळी बादली होती. तिच्यात घरातलं मूत साठवायचं, मुरवायचं आणि साच्यातून काढलेली कोरी तांब्याची नाणी त्यात सोडायची. ती हिरवी पडली, की ओल्या मातीत पुरायची. मग वास मरायचा, चवही मरायची. पण तिच्या नाकातून काही तो जात नव्हता. टॉवेलला तो, उशीला तो, नवऱ्याच्या हिरवट नखांना तो. त्याच बोटांनी हा माणूस ताटातला घास मोडायचा, त्याच बोटांनी तिचा गाल कुरवाळायला यायचा, आणि तिच्या अंगावर गोम चढल्यासारखं व्हायचं.

"तूही बादलीतच जात जा," तो एकदा म्हणाला होता. "थेंबे थेंबे तळे साचे!" आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदला होता. मग हसू पुसून म्हणाला, "बाहेर तोंड उघडलंस, तर बोचकं बांधायचं आणि मामाकडे जायचं. कायमचं."

त्या दुपारी मामाच आला. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला. मखमलीत एका न मिळालेल्या नाण्याचा गोल खळगा रिकामा होता, भाचीच्या जन्माच्याही आधीपासूनचा.

"खरंच सापडलं म्हणता, जावईबापू?"

"विहिरीच्या गाळात निघालं, मामा. दुसऱ्या कुणाला दाखवलं असेल तर शपथ." नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. "अगं, चहा टाक ना मामांना."

ती दाराची चौकट धरून उभीच राहिली.

मामानं नाणं कडेनं उचललं. "भिंगानं डोळे खाल्ले, पोरी. पण ही अजून तरुण आहे बघ." आणि त्यानं जीभ बाहेर काढली, वासराच्या जिभेसारखी, भोळी, गुलाबी. तिला ओरडायचं होतं.

नाणं जिभेला लागलं.

मामाचे डोळे मिटले. "गप्प आहे. अगदी गप्प." मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. तो गुणगुणायला लागला, "शंभर हातांचा लागलाय रंग..."

नवरा गालातल्या गालात हसत होता. तिला तेव्हा लख्ख दिसलं. नाणी तर निमित्त होती. मामाच्या मांडीजवळच्या तिच्या सगळ्या संध्याकाळीच ह्यानं त्या बादलीत भिजत घातल्या होत्या.

"आणखी एकदा," मामा लाजत म्हणाला. "जन्मभर वाट बघितली. दोनदा चाखलं तर कुठं बिघडलं?"

नाणं वर गेलं. तिनं झेपावून मामाचं मनगट धरलं.

"नको, मामा. थुंक. आधी थुंक ते. विहीरबिहीर काही नाही. आमच्या न्हाणीघरातल्या बादलीतलं मूत आहे ते. ह्यांचं."

"वेड लागलंय हिला!" नवरा खुर्ची ढकलून उठला.

मामानं तिच्याकडे बघितलं. जीभ तशीच अर्धी बाहेर.

त्याचं मनगट न सोडता ती म्हणाली, "आणि माझंही."