रविवारचं लिंबू

ऋजुताला राग आधी येतो आणि रडू मागून. त्या शुक्रवारी दोन्ही एकदमच आलं, कारण फोनवर तिची नणंद वैशाली सांगत होती, "तुला म्हणून सांगते हं. बाबा इथे ठाकुर्लीला खोली बघायला सांगतायत."

"खोली? कुणासाठी?"

"स्वतःसाठी. एकट्याला पुरेल अशी."

ऋजुता बाळकुमच्या आपल्या स्वयंपाकघरात उभी होती. पलीकडच्या खोलीत सासरे, सीताराम, चार वर्षांच्या सान्वीला रेल्वेच्या गोष्टी सांगत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको मीराबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आलेले. या दोन वर्षांत घरात एक शब्द वाकडा गेला नव्हता.

"माझं काय चुकलं गं, ताई?"

"चुकलं कुणाचंच नाही. पण ते तुझ्याकडे पाहुण्यासारखे राहतात. रविवारी माझ्याकडे येतात ना, ते मोठ्याचं खायला येतात. तुला माहितीये?"

ऋजुताला माहीत नव्हतं. मोठ्याचं म्हणजे म्हशीचं मटण, एवढं तिला माहीत होतं. सासरकडची माणसं मूळची मराठवाड्यातली, तिकडे त्याचा येसर घालून झणझणीत रस्सा करतात, हेही लग्नानंतर कानावर आलं होतं. पण डोंबिवलीत जिच्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्या मुलीसमोर हा विषय कुणी काढला नव्हता.

"खाऊन झालं की लिंबाने हात चोळतात," वैशाली म्हणाली. "मग तुझ्याकडे आले की परत. सान्वीला तसंच कसं घेऊ म्हणतात. मी बोलले तर म्हणाले, त्यांचं घर आहे, आपण जपून राहावं."

त्यांचं घर! ऋजुता फोन ठेवून तशीच उभी राहिली. दर सोमवारी केराच्या डब्यात पिळलेली लिंबं दिसायची. बाबा सरबत करून घेत असतील, असं तिला वाटायचं. सान्वी तर खुशाल म्हणायची, "रविवारी आजोबांच्या हाताला सरबताचा वास येतो." आमटी खारट होवो नाहीतर भात लागो, सीताराम म्हणायचे, "छान झालंय, सूनबाई." आणि ही बाई मैत्रिणींना सांगत सुटली होती की माझे सासरे म्हणजे अगदी देवमाणूस. अहो, घरचा माणूस दोन वर्षं ताटाला नाव ठेवत नाही, तर तो घरचा झालेलाच नाही, हे कळायला काय शाळेत जावं लागतं?

संध्याकाळी तिने सगळा राग नवऱ्यावर काढला. "रत्नदीप, मी कधी म्हटलं होतं का, घरात मोठ्याचं नको म्हणून?"

रत्नदीपने बूट काढता काढता मान वर केली. "नाही म्हणालीस. पण कधी विचारलंसही नाहीस."

तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून कुकर लावला.

वैशालीला आधी फोन करून शनिवारी ती ठाकुर्लीला गेली. वैशालीने कल्याणहून ओळखीच्या खाटकाकडून मटण आणून ठेवलं होतं. त्याबरोबर एका बरणीत येसर दिला. भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र दळलेली ती खमंग पूड रश्शाला दाटपणा आणते.

"कुकरला लावू नकोस," वैशालीने बजावलं. "आई पातेल्यातच शिजवायची. वर ताट ठेवायचं, ताटात पाणी, आणि ते गरम झालेलं पाणीच आत ओतायचं. घाई केलीस तर वातड होईल. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" ऋजुता म्हणाली. तिला आल्या पावली पळून जावंसं वाटत होतं.

रविवारी सकाळी तिने मटण धुतलं. पहिल्यांदा हात लावताना तिने श्वास रोखला, मग स्वतःचीच लाज वाटली आणि नीट श्वास घेऊन धुतलं. हळद, मीठ, लसूण लावून पातेलं मंद आचेवर ठेवलं. कांदे आणि सुक्या खोबऱ्याची वाटी गॅसवर काळी होईस्तो भाजली. लाल मिरच्या तव्यावर टाकल्या तेव्हा घरभर ठसका उठला. भाकऱ्या मात्र तिने कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या होत्या. एका दिवसात किती शहाणं व्हायचं माणसाने?

वासाने सीताराम बाहेर आले. ठाकुर्लीला जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी ते थबकले.

"हे वैशालीनं पाठवलं का?"

"नाही बाबा. मी करतेय. आज तिकडे जायचं नाहीये."

सीतारामांनी आधी जाऊन खिडकी लावून घेतली, मग बाहेरचं दार नीट बंद आहे का ते बघितलं. ऋजुताने जाऊन खिडकी सताड उघडली.

"अहो सूनबाई, शेजारीपाजारी..."

"त्या सातव्या मजल्यावरच्या बाई बोंबील भाजतात तेव्हा आपण काही बोलतो का? आज त्यांनी सोसावं."

रत्नदीप हसला. सीताराम हसले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे.

रस्सा उकळत आला, वर लाल तवंग आला. ऋजुता स्वतः खाणारी नव्हती, त्यामुळे चव बघण्याचा प्रश्नच नव्हता. पण बारा वर्षांची असल्यापासून तिने आईच्या हाताखाली आमटी केलेली, आणि हाताला सवयी असतात. रत्नदीपशी बोलता बोलता तिने डबा उघडला, नेहमीचा खडा काढला आणि रश्शात टाकला. टाकलाय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ताट वाढलं. सीतारामांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, घास घेतला. चावता चावता त्यांचं तोंड जरा थांबलं. मग पुन्हा चावू लागले.

"छान झालंय, सूनबाई," ते म्हणाले.

संपलं, ऋजुताला वाटलं. आता हे पुढच्या महिन्यात सामान बांधणार, आणि सान्वी विचारेल तेव्हा आपण काय सांगणार? रडू येणारच होतं, पण सवयीप्रमाणे राग पुढे धावला.

"छान नकोय मला!" ती जवळजवळ ओरडलीच. "दोन वर्षं छान छान ऐकतेय. मी काही खानावळवाली नाहीये, बाबा. मला खरं सांगा. कसं झालंय?"

सान्वी हातातला चमचा तसाच धरून बघत राहिली. सीतारामांनी सुनेकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि मग त्यांच्या कपाळाला एक भलीमोठी आठी पडली.

"गूळ घातला का गं यात?"

"गूळ?" ऋजुताने ओट्याकडे पाहिलं. डबा उघडाच होता. "अगं बाई..."

"अगं बाई काय! मोठ्याच्या रश्शात गूळ? पुरणपोळी आहे का ही? आणि येसर कच्चा राहिलाय. उकळ्या फुटू द्यायच्या की त्याला. मीठ तर तू घातलंयस का नुसतं दाखवलंयस? मीराबाई असती तर पातेलं तुझ्या डोक्यावर उपडं केलं असतं!"

रत्नदीप "बाबा, अहो..." म्हणत उठायला लागला, तसं ऋजुताने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती मन लावून ऐकत होती. असं कुणी तिला तिच्या स्वयंपाकघरात आजवर झापलं नव्हतं.

"मटण मात्र मऊ शिजलंय," सीताराम घुटमळत म्हणाले. "ते खोटं नाही." मग ते उठले आणि बेसिनपाशी गेले. साबणाच्या मागे त्यांनी रविवारचं लिंबू आणून ठेवलेलं असायचं. ते सुरीने कापलं, अर्धं पातेल्यात पिळलं, अर्धं स्वतःच्या वाटीत. मीठ टाकून, गॅस मोठा करून रस्सा खळखळून उकळू दिला. चाखून बघितला. पुन्हा चाखला.

"हं. आता जिभेला टेकवता येतं. तू तुझं पिठलं घे आणि बस इथंच, माझ्यासमोर. उभी नको राहू."

ऋजुता स्वतःपुरतं केलेलं पिठलं घेऊन बसली. सीतारामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, मग तिसरी अर्धी. वाटी बोटाने पुसून घेतली. सान्वी खुर्चीवरून उतरली आणि नेहमीसारखी त्यांच्या मांडीवर चढायला लागली, तसे त्यांनी हात झटकन मागे घेतले आणि बेसिनकडे पाहिलं. साबणामागे आता काहीच नव्हतं.

सान्वीने त्यांचा हात ओढून नाकाशी नेला. "ईऽ, आज सरबत नाही. आज तिखट आहे!" असं म्हणून ती खुशाल त्या हाताला रेलून बसली.

सीतारामांनी डाव्या हाताने फोन उचलून ठाकुर्लीला लावला.

"वैशाली, त्या खोलीचं राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी तूच इकडं ये. ही रश्शात गूळ टाकते. हिला एकटीला सोडून जमायचं नाही."