कोरडं सिंक

त्या घरातल्या दोघी जावा एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, आणि कारण होतं भांडी. ती मोरीत उकिडवं बसून घासावी लागत. थोरली घरीच शिवणकाम करायची आणि तिची कंबर धरायची. धाकटी इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीवर दिवसभर बोलून थकून यायची. सगळे तिला चिमणीच म्हणत. आज मोरीत कुणी बसायचं, यावरून एका संध्याकाळी शब्दाला शब्द वाढला.

"तुला नुसतं तोंड चालवता येतं," थोरली म्हणाली.

"आणि तुम्हाला नुसतं कण्हता येतं."

तेव्हापासून अबोला. निरोप नवऱ्यांमार्फत.

खरं तर ओट्यात नवंकोरं सिंक बसलेलं होतं. प्लंबर भांडं बसवून, नळाची आणि सांडपाण्याची तोंडं भिंतीत काढून गेला, तो गेलाच. फोन उचलेना. नळ आणि नळ्यांचं खोकं ओट्याखाली धूळ खात पडलं. सिंकमध्ये कांदे-बटाटे राहायला आले. दोघे भाऊ म्हणायचे, "रविवारी बघू." असे किती रविवार आले नि गेले.

मग एका रविवारी दोघे भाऊ मित्राचं सामान हलवायला सकाळीच निघून गेले. धाकटीनं कांदे-बटाटे टोपलीत ओतले, ओढणी कमरेला खोचली आणि पाना घेऊन ओट्याखाली शिरली.

बाहेर शिलाई मशीनवर बसलेल्या थोरलीला ठोकाठोक ऐकू आली. थोडा वेळ तिनं दुर्लक्ष केलं. मग काहीतरी धाडकन पडलं, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात आली. ओट्याखालून फक्त दोन पाय दिसत होते.

"मुख्य कॉक बंद केलास का?" तिनं विचारलं. कितीतरी दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

पाय स्तब्ध झाले. "नाही."

"घर बुडवशील!"

थोरली धावत जाऊन कॉक बंद करून आली. येताना तिनं टॉर्चही घेतला आणि एक पाट ओढून खाली बसली. जायचं काही तिच्या मनात येईना.

नळ लागला. नळाची नळी मात्र सिंकच्या मागून वर घ्यायची होती आणि तिथला नट घट्ट करायला थोरलीचा हात पुरेना. धाकटीनं हात घातला, गाल भिंतीला दाबला, डोळे मिटले आणि नट फिरवत राहिली. "लागला!" ती ओरडली. मग सिंकच्या भोकाला जाळी, जाळीखाली उभी नळी, नळीखाली पाणी साठवून वास अडवणारी बाटली, आणि बाटलीतून भिंतीतल्या तोंडाकडे जाणारी आडवी नळी. सगळं जुळलं. थोरलीनं पातेलंभर पाणी ओतलं.

पाणी सिंकमध्येच उभं राहिलं. हलायचं नाव नाही.

धाकटीनं कपाळाला हात लावला. "झालं. आता प्लंबरच."

"थांब जरा." थोरलीनं गळ्यातली टेप काढली. मोजलं, पुन्हा मोजलं. "उभ्या नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकून बंद झालंय. पाण्यानं जायचं कुठून? ही नळी लांब झालीय. बाही लांब झाली तर काय करतात?"

"दुमडतात."

"ती कापडाची. ही कापायची."

"आणि जास्त कापली गेली तर? वहिनी, हे परत जोडता येत नाही हं."

"कापडही येत नाही. आजवर कुणाची बाही आखूड केलीय मी?"

"माझ्या निळ्या ब्लाउजची."

"तुझेच हात लांब आहेत, त्याला मी काय करू?"

दोघी अशा काही हसल्या की टॉर्च हातातून घरंगळला.

थोरलीनं खडूनं खूण केली. धाकटीनं नळी धरली. करवत खरखर करत गेली आणि तुकडा टपकन खाली पडला. नळीचं टोक आता बाटलीच्या तळापासून छान दोन बोटं वर राहिलं. पुन्हा पाणी ओतलं. गुडगुड आवाज झाला आणि सिंक रिकामं!

पण जोडातून थेंब टपकला. मग दुसरा. पान्यानं आवळलं तरी टपटप चालूच.

आता धाकटीची पाळी. तिनं सामानाच्या दुकानदाराला फोन लावला. तो "सोमवारी या" म्हणत होता, पण चौकशीच्या खिडकीवर तिनं भलेभले बोलते केले होते. दुकानदाराला फोन ठेवू देईल तर ना! अखेर त्यानं विचारलं, "जोडातल्या रबरी वॉशरची निमुळती बाजू कुठे आहे?"

निमुळती बाजू उलटी होती. जोड उघडला, वॉशर फिरवला, पुन्हा आवळला. थोरलीनं मुख्य कॉक उघडला आणि धाकटीनं नळ सोडला. पाणी आधी खोकलं, मग धो धो वाहू लागलं. खाली पसरलेला कागद कोरडा तो कोरडाच.

"वहिनी!" धाकटीनं ओल्या हातांनीच तिला मिठी मारली. थोरलीचे डोळे भरून आले. "अगं, भिजले मी," ती म्हणाली, पण सोडेना.

दोघे भाऊ परतले, तेव्हा नळ चालू होता. थोरला दारातच थबकला. "प्लंबर आला होता?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आल्या होत्या. दोघी."

त्यानं गुडघे टेकून टॉर्च मारला. प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. पाठोपाठ धाकटा भाऊही वाकला.

"एक थेंब नाही," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात अविश्वास होता आणि अभिमानही. "अगं, मला शिकवशील?"

"रविवारी बघू," थोरली म्हणाली.

दुपारची भांडी केव्हाच घासून झाली होती. तरी धाकटी फळीवरची स्वच्छ पातेली एकेक खाली काढत होती, आणि थोरली ताठ उभी राहून, कमरेची आठवणही न काढता, ती पुन्हा धूत होती.