शेवटच्या घराची पन्हळ

वरचं घर. तांबं.

बर्गन या पावसाळी बंदराच्या चढावर एका जुन्या मिठाच्या गोदामाची तीन घरं केलेली. छप्पर एक, पुढची पन्हळही एकच, वरून खाली उतरत जाणारी. वरच्या हालवारने आपल्या भागातली कुजलेली लाकडी पन्हळ काढून तांब्याची बसवली, आणि गल्लीतला जो तो मान वर करून चालायला लागला.

मधलं घर. तांबं.

राग्नवेगने त्याचं बघून लावलं.

शेवटचं घर.

इथे बोर्गहिल्ड. आयुष्यभर होड्या बांधलेली बाई. तिने जस्ताची पन्हळ ठरवली होती. मग एका संध्याकाळी हालवार कॉफीला आला. कप फिरवत म्हणाला, वरच्या दोन घरांचं पाणी तांब्यावरून येणार, ते तिचं जस्त खाऊन टाकेल. हे आधी सुचायला हवं होतं, सुचलं नाही. तेव्हा शनिवारी सगळी गल्ली मिळून डागडुजीला जमते, त्या दिवशी तिलाही तांब्याचीच बसवू, राग्नवेगच्या आणि माझ्याकडून.

"भेट समज गं."

"माझ्या घरावर तुझी भेट लटकणार, आणि मी ती रोज खालून बघायची?"

"मग काय, प्लास्टिक लावतेस?"

ती हसली. दुसरी कॉफी मात्र तिने ओतली नाही.

जस्त: बाद.
प्लास्टिक: मुलगी सुन्निवाने फोनवर सुचवलेलं. थंडीत तडकतं. बाद.
तांबं: देखणं. दुसऱ्याचं. बाद.

मग उरलं काय?

मागच्या शेडमध्ये पाइनचा एक सरळ सोट पडून होता. डोलकाठीसाठी आणलेला; ती होडी झालीच नाही. त्याच्याकडे बघताना तिला आठवलं, होडीच्या तळाला आपण तांब्याचा रंग फासायचो, शेवाळ धरू नये म्हणून. इथे तर तांब्याचं पाणी वरून आपोआप येणार. जस्ताला जे खातं, तेच लाकडाला राखेल.

सुन्निवा म्हणाली, "आई, या वयात?"

"या वयातच. आधी वेळ कुठे होता?"

वाकस. सोट आतून कोरताना उडणारे ढलपे. पुन्हा वाकस. मग होडीला लावतात ते पाइनचं काळं तेल, आतून, बाहेरून, हात काळे होईपर्यंत.

शनिवारी गल्लीने ती अख्खी पन्हळ खांद्यावर आणली. टोकाला तिने नाळेसारखा, होडीच्या पुढच्या टोकासारखा बाक काढला होता. शिडीवरच्या हालवारने आतून हात फिरवला. कुठे खरखर लागली नाही.

"ही तर होडीच आहे, बोर्गहिल्ड."

"होडी पाणी बाहेर ठेवते, ही आत ठेवते. मला दोन्ही येतं."

पावसाची वाट फार बघावी लागली नाही, बर्गनच ते. पाणी पहिल्या घरावरून आलं, दुसऱ्यावरून आलं, तिच्या लाकडात शिरलं आणि नाळेवरून एका धारेत खाली पिंपात पडलं. मध्ये कुठे थेंब गळला नाही. हालवारने सांधा दोनदा तपासला.

आता मान वर करून चालणारे तिसऱ्या घरापाशी थांबतात. बोर्गहिल्ड तेव्हा खिडकीत नसते.

(असते.)