चहातली अर्धी गोळी

दम्यापायी शिंप्याने वर्षानुवर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या खाल्ल्या. दमा निवला, पण गोळी चुकली की माणूस भिजल्या कापडासारखा लोळागोळा. गोळी सुटेल का, हे आज कळायचं होतं. "सकाळची गोळी तपासणी झाल्यावरच," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दवाखान्यात सिस्टर समजावत होती, "मेंदूखालची ग्रंथी हाक मारते, मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कामाला लागतात. गोळीनं इतकी वर्षं आयतं दिलं, तशी हाक थांबली, खालच्याही झोपल्या. आता रक्त घेऊ, इंजेक्शननं हाक मारू, पुन्हा रक्त घेऊ. उठल्या तर गोळी कमी करत बंद."

"बायकोला पाठवा हाक मारायला," शिंपी म्हणाला. "मेलेलंसुद्धा उठतं!"

सिस्टर हसली. बायको मात्र हसली नाही. सकाळी त्याला शर्टाचं बटण लागेना. जन्मभर लोकांची काजं केलेला हात तो! तिला बघवलं नाही. अर्धी गोळी कुटून तिनं गुपचूप चहात ढवळली. ही तरतरी त्या चहाची होती.

"आणि त्या ग्रंथी झोपलेल्याच असताना गोळी बंद झाली तर?" तिनं विचारलं.

"एखाद्या तापात माणूस उभ्याउभ्या कोसळायचा, मावशी. म्हणून तर तपासतो."

रबरी पट्टा दंडाला आवळला. शीर वर आली.

"थांबा सिस्टर! यांच्या चहात गोळी होती. मी घातली."

सिस्टरनं पट्टा सोडला. "रक्त खोटं बोललं असतं हो! उद्या या."

जिना उतरताना शिंपी म्हणाला, "तरीच चहा कडू लागला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर उद्यापासून मलाच करावा लागला असता."

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मान पडलेली, बोटं लुळी. तिनं एकेक बटण लावलं, डोळे पुसले, पण गोळ्यांच्या डबीला हात लावला नाही.

दवाखान्यात इंजेक्शन आत गेलं तशी ती पुटपुटली, "उठा गं सयांनो, उजाडलं अंगणी, दमला माझा धनी..."

"कुणाला उठवतेस?" मिटल्या डोळ्यांनी त्यानं विचारलं.

"तुम्ही पडून राहा. आमचं बायकांचं चाललंय."

त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. शेवटचं रक्त घेऊन होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, खांदा न हलवता.