चर्चमधला रुद्रेश

आमच्या चर्चमध्ये २००३ च्या फेब्रुवारीत कलाप्रदर्शन भरलं, त्याला पंचकमिटीतल्या निम्म्या लोकांचा विरोध होता. मी चर्चची सभासद आणि वर उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवलेली बाई, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या माझ्याच वाट्याला. कल्पना भैरवीची. माझीच विद्यार्थिनी, बडोद्याला शिकून आलेली. ‘बाई, गॅलरीत तेच तेच लोक येतात. इथं उजेड बघा कसा पडतो,’ असं म्हणून तिनं पाळकांना घोळात घेतलं. तिच्या मित्रांनी बाकांवर सायकलच्या ट्यूबा टांगल्या, एकानं वेदीच्या पायरीशी मिठाचा ढीग घातला. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. उरलेल्यात कळण्यासारखं काही नव्हतं.

मल्लाप्पांना मात्र मीच आणलं. मल्लाप्पा म्हणजे पुतळेवाले. चौकात पुतळा उभा करायचा असला की जिल्ह्यातले पुढारी त्यांच्याकडं यायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा रुद्रेश, माझ्याच वर्गात शिकलेला. शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी लोखंडाचा रस अंगावर सांडून गेला. घरी आणलं ते बांधलेलं गाठोडं. तोंड कुणाला दाखवलं नाही, दाखवण्यासारखं राहिलंच नव्हतं.

हे लिंगायत घर. त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. रुद्रेशला बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून आडवाच पुरला. तिथंच शांतादेवींचं, त्याच्या आईचं, डोकं अडकलं. ‘आमच्यात झोपवत न्हाईत. त्यो दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा. माझा कामावर हाय,’ असं त्या शांतपणे सांगायच्या. रोज त्याचं ताट वाढायच्या. एकदाही रडल्या नाहीत. डॉक्टर झाले, मठातले स्वामी झाले, पालथ्या घड्यावर पाणी.

‘बाई, मी त्याला बसिवतो,’ मल्लाप्पा एक दिवस मला म्हणाले. ‘मातीचा करतो. तोंड बघितलं की ती रडंल. एकदा रडली की सुटंल बघा.’

त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये माती दुपारीच तडकायची. चर्चच्या दगडी भिंतींना गारवा, म्हणून मी भैरवीकडं शब्द टाकला. पंचकमिटीत एकजण कडाडले, ‘चर्चमध्ये मूर्ती? दहा आज्ञा विसरलात काय?’ मी म्हटलं, ‘मूर्ती नव्हे, मेलेलं पोरगं आहे. तुमच्या आज्ञेत त्याला बंदी असेल तर दाखवा.’ परवानगी मिळाली.

मल्लाप्पा आठ-दहा दिवस बाकांच्या मधोमध काम करत होते. मांडी घातलेला, हात मांडीवर, उघड्या अंगाचा रुद्रेश. काम झालं की ओल्या फडक्यात गुंडाळून जायचे. भैरवीचे मित्र आपली कामं सोडून त्यांच्याभोवती बसायला लागले. पहिल्यांदाच मला त्या पोरांबद्दल जरा बरं वाटलं.

उद्घाटनाला शांतादेवी आल्या. धुतलेली इरकल नेसून, बहीण आणि मेव्हण्याबरोबर. पुण्याहून आलेले कुणी समीक्षक मिठाच्या ढिगाबद्दल बोलत होते, ते बोलतच राहिले. मल्लाप्पांनी फडकं काढलं. 

शांतादेवी जवळ गेल्या. वाकून चेहरा बघितला. मग बाजूनं बघितला. पदरानं मातीच्या कपाळावरचं पाणी टिपलं. 

‘देखणं हाय,’ त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या. ‘कुणाचं हो बाई हे पोरगं?’

‘शांता,’ मल्लाप्पा ओरडलेच, ‘आपला रुद्रेश हाय गं!’

‘काय तरीच. माझ्या पोराचं तोंड मला कळत न्हाई व्हय? ह्याच्या आईला बोलवा आधी, बिचारी कुठं हुडकत आसंल.’ आणि बहिणीला म्हणाल्या, ‘चल गं, भाकरी टाकायच्यात.’

दोघी गेल्या, मेव्हणे मागं राहिले. मल्लाप्पा तिथंच बाकावर बसले.

‘बाई, काय चुकलं?’

मी पुन्हा बघितलं. देखणाच होता. नाक सरळ, हनुवटी भरीव, दोन्ही डोळे समोर रोखलेले. उभ्या आयुष्यात मल्लाप्पांनी पुढाऱ्यांचेच चेहरे केले होते. पुतळ्याच्या कमिटीनं फोटो द्यायचा आणि वर सांगायचं, साहेबांचं नाक जरा नीट करा, गाल जरा भरा. हाताला तीच खोड लागलेली. पोटच्या पोरालाही त्या हातांनी चौकातला पुतळा करून ठेवला होता.

‘मल्लाप्पा,’ मी म्हटलं, ‘त्याचा डोळा तिरळा होता ना?’

 ते ताडकन उठले, कोरणी घेतली आणि डोळ्यापाशी नेली. तिथंच थांबले.

‘कुठला डोळा हो, बाई?’

मी डावा म्हणणार होते. पण वर्गात तो माझ्यासमोर बसायचा. माझ्या डावीकडचा की त्याचा डावा? आठवेना. मेव्हणे म्हणाले, ‘डावाच की! न्हाय, थांबा... उजवा आसंल.’ घरात त्याचे तीन फोटो, तिन्हींत काळा गॉगल. ह्या डोळ्यापायी कुठं सोयरीक जमत नव्हती, म्हणून बापानंच तो घालायला लावलेला.

मल्लाप्पांनी डावा डोळा वळवला. बघितला, पुसला. उजवा वळवला. तोही पुसला. शेवटी दोन्ही डोळ्यांच्या जागी नुसते अंगठ्याचे खड्डे राहिले. पुण्याच्या समीक्षकांना ते फार आवडलं, तसं ते म्हणालेही. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

संध्याकाळी मी मल्लाप्पांना घरी पोचवायला गेले. त्यांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती. शांतादेवी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. रुद्रेशचं ताट मांडलेलं, शेजारी तांब्या.

मल्लाप्पा दारातच उभे राहून म्हणाले, ‘शांता, एक सांग. रुद्रेशचा कुठला डोळा तिरळा गं?’

मला वाटलं, आता तरी बाई फुटेल. त्यांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि वर बघून हसल्या.

‘बाप हाय का कोण हाय तुमी? यीलच की आता. आल्यावर बघा.’

मल्लाप्पांनी चपला काढल्या. ताटाच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि दाराकडं बघायला लागले.